काडी, गुटी आणि कंद: घरच्या घरी फुलझाडांची रोपे तयार करताना

महाराष्ट्रात एखादे फुलझाड काटक आहे की नाजूक, हे केवळ थंडीवरून ठरवता येत नाही. थंड देशांत हा भेद हिवाळ्यात गोठणाऱ्या दहिवरावर केला जातो आणि तो तिथे योग्यच आहे. आपल्याकडे निफाडचा परिसर किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा काठ अशी मोजकी ठिकाणे सोडली, तर झाडे दगावतात ती मे महिन्याच्या उन्हाने आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुळाशी साचलेल्या पाण्याने. म्हणून बोगनवेल, कण्हेर, तगर, चाफा आणि गावठी जास्वंद ही आपली काटक झाडे, तर अनंत, शेवंती, जर्बेरा, कलमी गुलाब आणि थंड हवेच्या गावांतील हायड्रेंजिया ही नाजूक झाडे होत. मोगरा या दोहोंच्या मध्ये बसतो, कारण त्याला कडक ऊन मानवते, पण पाण्यात उभे राहणे अजिबात सोसत नाही. हाच मोगरा लंडनच्या एखाद्या मराठी घरात मात्र अगदी नाजूक ठरतो आणि रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाऊ लागले की त्याची कुंडी घरात घ्यावी लागते.

नवी रोपे तयार करण्याच्या पद्धती अनेक असल्या, तरी नवोदिताचे अपयश बहुतेक वेळा पद्धतीत नसते. त्याने चुकीच्या वयाची काडी चुकीच्या महिन्यात लावलेली असते. काडीचे वय ओळखता आले की मुळे फुटवणारी पावडर, काचघर, महागडी माती या गोष्टी दुय्यम ठरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

काडीचे वय कसे ओळखावे

जास्वंदीची एखादी निरोगी फांदी शेंड्यापासून बुंध्याकडे नीट न्याहाळावी. शेंड्याकडचा भाग पोपटी, रसरशीत आणि नखाने सहज दबणारा असतो. ही कोवळी काडी होय. त्याच्या खाली हिरवा रंग गडद होत जातो, सालीवर बारीक करड्या रेषा उमटू लागतात आणि काडी वाकवली तर ती लवून पुन्हा जागेवर येते. ही निमजून काडी. आणखी खाली साल पूर्ण तपकिरी होते, काडी वाकत नाही आणि पेरांवरचे डोळे फुगीर दिसतात. ही जून काडी. एकाच फांदीवर ही तिन्ही वये सापडतात आणि प्रत्येक वयाचे गुणधर्म वेगळे असतात.

कोवळ्या काडीला मुळे लवकर फुटतात, पण तिच्यात साठवलेले अन्न कमी असल्यामुळे ती सुकतेही लवकर. जून काडीत अन्न भरपूर असते, ती आठवडाभर दुर्लक्ष झाले तरी तग धरते, पण मुळे फुटायला वेळ घेते. निमजून काडीत दोन्ही गुणांचा मेळ असल्यामुळे जास्वंद, मोगरा, तगर, अनंत, एक्झोरा या बहुतेक झुडपांसाठी तीच निवडावी. शेवंती आणि अबोली यांची कोवळी शेंड्याकडची काडी लागते, तर बोगनवेल, गावठी गुलाब आणि चाफा यांची जून काडी चालते.

महिन्यांचे गणितही याच्याशीच जोडलेले आहे. मृगाचा पाऊस पडून हवेत ओलावा भरला की पानांतून उडून जाणारे पाणी कमी होते आणि मुळे नसलेली काडी तेवढ्या काळात जगू शकते. म्हणून निमजून काड्यांसाठी जूनअखेर ते ऑगस्ट हा सर्वांत सोयीचा काळ आहे. कोकणात आणि गोव्यात मात्र पावसाचा मारा एवढा असतो, की काड्या उघड्यावर ठेवल्यास कुजतात. तिथे त्या पडवीत किंवा प्लॅस्टिकच्या छपराखाली ठेवाव्यात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत छाटकलमाच्या, म्हणजे काडी कापून लावण्याच्या, वाटेला जाऊ नये. जून काड्यांसाठी फेब्रुवारीचा काळही चांगला असतो, कारण तेव्हा थंडी सरून झाडात नवी वाढ सुरू होत असते.

माध्यम

मुळे फुटेपर्यंत काडीला खताची गरज नसते. तिला ओलावा आणि हवा या दोनच गोष्टी हव्या असतात. शेणखत किंवा स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत घातलेल्या मातीत बुरशी वाढते आणि काडीचे ताजे कापलेले टोक कुजते. जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात मिसळलेले माध्यम बहुतेक झुडपांना पुरते. वाळू नदीची किंवा बांधकामाची, चाळून धुतलेली असावी; समुद्रकिनाऱ्यावरची वाळू क्षारांमुळे वापरू नये. कोकोपीटच्या विटेतही क्षार असू शकतात, म्हणून ती भिजवल्यावर दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवून घ्यावी. तयार मिश्रण मुठीत घट्ट दाबले असता एखाद-दुसरा थेंब पडावा; पाण्याची धार लागली तर ते अजून निथळू द्यावे. काळी माती एकटी कधीच वापरू नये, कारण ती ओली असताना चिकट होते आणि वाळली की भेगाळते.

छाटकलम: जास्वंदीच्या उदाहरणाने

काडी सकाळी लवकर घ्यावी, कारण रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेले असते. आदल्या दिवशी मूळ झाडाला भरपूर पाणी द्यावे. कात्री किंवा धारदार चाकू स्पिरिटने पुसून घ्यावा आणि पेन्सिलीहून थोडी बारीक, १२ ते १५ सें.मी. लांबीची, तीन ते चार पेरे असलेली निमजून काडी कापावी. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यावा, कारण मुळे पेराजवळून जोमाने फुटतात. तो तिरका असला तर काडीची कोणती बाजू खाली, हेही विसरायला होत नाही. उलटी लावलेली काडी जगत नाही आणि पाने काढून टाकल्यावर वरची बाजू कोणती याचा घोटाळा सहज होतो.

खालची सर्व पाने काढून टाकावीत आणि वरची दोन पाने ठेवून तीही निम्मी कापावीत. पाने पूर्ण काढली तर अन्न तयार होणे थांबते, सगळी ठेवली तर पाणी उडून काडी माना टाकते. अर्धे पान हा त्यातला मधला मार्ग आहे. कळी असेल तर ती खुडून टाकावी, मग ती कितीही टपोरी असो. कापलेले टोक पाण्यात बुडवून, झटकून, मुळे फुटवणाऱ्या पावडरीत हलकेच टेकवावे. ही पावडर म्हणजे बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल हे संजीवक, म्हणजे वाढीचे संप्रेरक, मिसळलेली शंखजिऱ्याची पूड असते. जास्त पावडर लावल्याने जास्त मुळे फुटत नाहीत. उलट टोक करपू शकते. हळद किंवा मध बुरशीला काहीसा आळा घालत असले, तरी संजीवकाचे काम ते करत नाहीत.

काडी सरळ मिश्रणात खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. म्हणून आधी एखाद्या काटकीने भोक पाडावे, त्यात किमान दोन पेरे जातील एवढी काडी बसवावी आणि बोटांनी मिश्रण चहूबाजूंनी घट्ट दाबावे, कारण टोकाशी हवेची पोकळी राहिली तर तेथे मूळ धरत नाही. एकदा पाणी देऊन वरून पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली पालथी घालावी आणि कुंडी भरपूर उजेड असलेल्या, पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावी. उन्हात ठेवलेल्या बाटलीच्या आत काडी अक्षरशः शिजते. दिवसाआड पाच-दहा मिनिटे बाटली काढून हवा खेळू द्यावी आणि वरचा थर कोरडा वाटल्यावरच पाणी शिंपडावे.

जास्वंदीला साधारण तीन ते पाच आठवड्यांत मुळे धरतात, अनंताला आणि बोगनवेलीला त्याहून जास्त वेळ लागतो. नवी पालवी फुटली म्हणजे काडी लागली, असे मुळीच समजू नये. काडीतल्या साठ्यावरही पालवी फुटते आणि साठा संपला की ती कोमेजते. काडी दोन बोटांत धरून अगदी हलके वर ओढून पाहावे. ती विरोध करू लागली तर मुळे आली आहेत. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्यात काड्या लावल्या तर मुळे बाहेरूनच दिसतात आणि उपटून पाहण्याचा मोह टळतो. बोगनवेलीची कोवळी मुळे तर इतकी ठिसूळ असतात, की एकदा हलवलेली काडी बहुधा गेलीच म्हणून समजावे.

काही झाडांसाठी या रीतीत बदल करावा लागतो. चाफ्याची हातभर जून फांदी मार्च-एप्रिलमध्ये कापून, पाने काढून, सावलीत आठवडाभर सुकू द्यावी, म्हणजे चीक आटून काप भरून येतो. नंतर ती जवळजवळ कोरड्या वाळूमिश्रित मातीत लावावी आणि पालवी येईपर्यंत पाणी अगदी बेताने द्यावे. चाफ्याला बाटली घालणे म्हणजे तो कुजवणे होय. कण्हेरीची काडी पाण्यातही मुळे धरते, पण मुळे दोन-तीन सें.मी. झाली की ती लगेच मातीत लावावी, कारण पाण्यात वाढलेली लांब मुळे मातीत सहज रुळत नाहीत. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. काड्या कापताना हातमोजे घालावेत, चीक डोळ्यांना लागू देऊ नये आणि छाटलेल्या फांद्या गुरे किंवा लहान मुले यांच्या हाती-तोंडी लागणार नाहीत अशा ठिकाणी टाकाव्यात.

गुटी कलम

ज्या झाडाची काडी वारंवार सुकते, त्याची गुटी बांधावी. संकरित जास्वंदीचे मोठ्या फुलांचे प्रकार, अनंत आणि एक्झोरा यांसाठी ही पद्धत अधिक खात्रीची आहे, कारण मुळे फुटेपर्यंत फांदी आईच्या झाडावरच असते. झाडाचे पाणी आतल्या लाकडातून वर चढते आणि पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते; साल गोलाकार काढली की वर जाणारे पाणी चालू राहते, मात्र खाली उतरणारे अन्न त्या जागी अडते आणि तेथेच मुळे फुटतात.

पावसाळा सुरू झाल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीची सरळ फांदी निवडावी आणि शेंड्यापासून ३० ते ४० सें.मी. अंतरावर, पेराच्या लगेच खाली, दोन ते तीन सें.मी. रुंदीची साल अंगठीसारखी काढावी. उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून टाकणे फार महत्त्वाचे आहे, कारण तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि दोन महिने वाट पाहूनही हाती काही लागत नाही. वरच्या कापाला पावडर लावून, भिजवून घट्ट पिळलेले मॉस (वाळवलेले शेवाळ) मूठभर घेऊन त्या जागेभोवती दाबावे, वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळावे आणि दोन्ही टोके सुतळीने आवळून बांधावीत, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. पांढरी मुळे प्लॅस्टिकमधून दिसू लागून ती किंचित तपकिरी झाली, की बांधलेल्या जागेच्या खालून फांदी कापावी. कापल्यावर निम्मी पाने कमी करावीत, प्लॅस्टिक आठवणीने काढावे, पण मॉस मुळांना तसेच राहू द्यावे.

मोगरा, जाई, जुई आणि सायली यांच्या लवचीक फांद्यांसाठी त्याहून सोपे दाब कलम आहे. जमिनीलगतची फांदी वाकवून, तिच्या खालच्या अंगाला तिरका छेद द्यावा, छेदात आगकाडीचा तुकडा अडकवून तो उघडा ठेवावा, तेवढा भाग पाच-सात सें.मी. मातीखाली गाडून वर दगड ठेवावा आणि शेंडा बाहेर राहू द्यावा. दोन-तीन महिन्यांनी रोप वेगळे करता येते. अनेक जुन्या वाड्यांतल्या मोगऱ्याच्या ताटव्यांचा विस्तार अशाच गाडल्या गेलेल्या फांद्यांतून झालेला असतो.

गुलाबाविषयी थोडक्यात. गावठी गुलाब जून काडीने येतो. मोठ्या फुलांचे कलमी प्रकार मात्र दुसऱ्या जोमदार जंगली खुंटावर डोळा भरून, म्हणजे हव्या प्रकाराचा डोळा खुंटाच्या सालीत बसवून, तयार केलेले असतात. डोळा भरणे हे हातांना सराव झाल्यावरचे काम आहे, म्हणून पहिल्या वर्षी चांगल्या रोपवाटिकेतून कलम आणणेच शहाणपणाचे ठरेल. दापोली, राहुरी, अकोला आणि परभणी येथील कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांत किंवा पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनला भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात रोपे पाहून-पारखून घेता येतात. कलम लावताना सांधा मातीच्या वर राहू द्यावा आणि सांध्याच्या खालून फुटणारा प्रत्येक धुमारा मुळापासून ओढून काढावा. तो कापला तर दुप्पट जोमाने फुटतो आणि वर्षभरात कलम मरून नुसता खुंट उरतो.

कंद, गड्डे आणि मुनवे

बहुवर्षायू फुलझाडांची वाढ करणे झुडपांहून सोपे आहे, कारण ती स्वतःच जमिनीखाली वाढत असतात. आपल्याला केवळ वेळेवर विभागणी करायची असते. सोनटक्का आणि कर्दळ यांचे गड्डे एप्रिल-मे महिन्यांत उकरून, प्रत्येक तुकड्यावर एक-दोन ठसठशीत डोळे राहतील असे धारदार चाकूने कापावेत, कापलेला भाग दिवसभर सावलीत सुकू द्यावा आणि पाच सें.मी. खोलीवर आडवे लावावेत. सोनटक्क्याच्या ज्या दांड्याला एकदा फुले येऊन गेली, त्याला पुन्हा येत नाहीत. तो जमिनीलगत कापला म्हणजे नव्या दांड्यांना जागा मिळते. निशिगंधाचे कंद पाने पिवळी पडल्यावर काढून, काही आठवडे कोरड्या जागी विश्रांती देऊन, सुपारीहून मोठे तेवढेच निवडून लावावेत. लहान कंदांना पहिल्या वर्षी फूल येत नाही. जर्बेऱ्याचा गड्डा फोडून लावताना त्याचा मधला कोंब मातीच्या पातळीच्या किंचित वर ठेवावा, अन्यथा पहिल्याच पावसात तो कुजतो.

अबोलीचे बी आपोआप पडून रोपे येतात. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडले की ती तडकतात आणि बी दूरवर उडते, म्हणून बी हवे असल्यास बोंडे तपकिरी झाल्याबरोबर कोरडीच खुडून कागदी पिशवीत ठेवावीत. दिल्ली अबोली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गडद केशरी प्रकाराला मात्र बी धरत नाही. ती शेंड्याच्या काडीनेच लावावी लागते.

मुळे आल्यानंतर

लागलेली काडी एकदम मोठ्या कुंडीत लावू नये, कारण लहान मुळांना शोषता न येणारे पाणी मातीत साचून राहते. १५ सें.मी. उंचीच्या पिशवीत दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण भरून रोप लावावे. आठवडाभर सावलीत, नंतर आठवडाभर फक्त सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि मग पूर्ण उन्हात अशा क्रमाने त्याला बाहेर आणावे. रोपाला पाच-सहा पाने आली की शेंडा खुडावा. फांदीच्या टोकाचे संजीवक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. टोक गेले की खालचे डोळे फुटून झुडूप डेरेदार होते.

पहिल्या वर्षी कीड म्हणजे बहुधा पिठ्या ढेकूण. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पुंजके दिसले आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा, कारण गोड चिकट स्रावासाठी त्याच पिठ्या ढेकणाची राखण करतात. पुंजके पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने उडवून, एक लीटर पाण्यात पाच मि.ली. निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. अनंताची पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडू लागली, तर तो बहुतेक वेळा रोग नसून खारट, चुनखडीयुक्त पाण्याचा किंवा मातीचा परिणाम असतो. अशा झाडाला शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. हायड्रेंजिया महाबळेश्वर-पाचगणीच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत निळसर फुलतो आणि पठारावरच्या चुनखडीच्या मातीत गुलाबी होतो. त्याचे फूल आदल्या वर्षीच्या फांदीवर येत असल्यामुळे हिवाळ्यात छाटणी केली की बहर हातचा जातो.

छाटणीचा नियम मोगऱ्याला नेमका उलटा लागू पडतो, कारण तो नव्या फुटीवर फुलतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याचे पाणी हळूहळू तोडून ताण द्यावा, जानेवारीत फांद्या निम्म्यावर छाटाव्यात, बुंध्याभोवतीची माती हलवून शेणखत द्यावे आणि पाणी पुन्हा सुरू करावे. मार्चपासून कळ्या धरू लागतात. सोसायटीच्या गच्चीत मोगरा वर्षभर नुसता हिरवागार राहतो आणि फुलत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा त्याला कधी तहानेने कासावीस होऊ दिलेले नसते.

शेवंतीची गोष्ट वेगळी आहे. तिला कळी धरण्यासाठी लांब आणि सलग काळोखाच्या रात्री लागतात, त्यामुळे जिन्यातल्या किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडणाऱ्या कुंडीत खत-पाणी उत्तम असूनही कळ्या येत नाहीत किंवा फार उशिरा येतात. अशी कुंडी सप्टेंबरपूर्वी अंधाऱ्या बाजूला हलवावी. डिसेंबर-जानेवारीत बहर ओसरल्यावर झाड जमिनीपासून बोटभर ठेवून कापावे आणि कुंडी तशीच सांभाळावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बुंध्याभोवती जे मुनवे (जमिनीतून येणारे बाजूचे कोंब) फुटतील, ते मुळांसकट सोडवून लहान पिशव्यांत लावावेत, उन्हाळाभर हिरव्या जाळीखाली जगवावेत आणि पावसाळा लागला की त्यांचेच सात-आठ सें.मी. लांबीचे शेंडे खुडून नव्या काड्या लावाव्यात.